राजाच्या पंगतीचे राजकारण : गोर्यो आणि आरंभीच्या जोसॉन काळातील मेजवान्या

प्रश्न असा आहे की, मध्ययुगीन कोरियातील राजदरबारी मेजवान्या म्हणजे निव्वळ चैन आणि मद्यपान होते, की त्यांना काही राजकीय काम होते. आणि काम असेल तर ते नेमके कोणते. गेली अनेक वर्षे मी हा इतिहास शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न मला दरवर्षी वेगवेगळ्या शब्दांत ऐकायला मिळतो. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दरबारी इतिवृत्ते वाचू लागले की ‘राजाने अमुक दालनात मंत्र्यांना मेजवानी दिली’ अशा नोंदी पानोपानी येतात, आणि वाचणारा त्या ओलांडून युद्धे, तह आणि सुधारणा शोधू लागतो. माझा आग्रह असा की त्या नोंदी ओलांडू नयेत. राजा आणि त्याचे अधिकारी यांच्यात किती अंतर असावे, हा कोरियाच्या राज्यव्यवस्थेतला सर्वांत नाजूक प्रश्न होता. आणि मेजवानी ही ते अंतर मोजूनमापून, ठरावीक वेळेपुरते कमी करण्याची जागा होती. कोणाला वर बसवायचे, कोणाला अंगणात, कोणाला राजाच्या हातचा चषक मिळणार आणि कोणाला नुसता दुरून दिसणार, हे जो ठरवी त्याच्या हाती दरबार असे.

‘मध्ययुगीन’ हा शब्द मी येथे गोर्यो राजवट (९१८ ते १३९२) आणि तिच्यानंतरच्या जोसॉन राजवटीचे पहिले शतक एवढ्यापुरता वापरतो आहे. परंतु सुरुवात थोडी आधीची, सिल्ला राज्याच्या अखेरच्या दिवसांतली करावी लागेल, कारण मेजवानीने राज्य कसे मिळते आणि कसे जाते या दोन्ही गोष्टी तिथे एका दशकात घडल्या.

९२७ मध्ये ‘नंतरचे बेकजे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्याचा संस्थापक ग्यॉन ह्वॉन याने सिल्लाच्या राजधानीवर, म्हणजे आजच्या ग्यॉंगजूवर, अचानक हल्ला केला. जुन्या इतिहासग्रंथानुसार त्या वेळी सिल्लाचा राजा ग्यॉंगए हा पोसॉकजॉंग येथे मेजवानीत दंग होता आणि शत्रू दाराशी येईपर्यंत त्याला पत्ता लागला नाही. ती मेजवानी खरोखर चैनीची होती की देवतांपुढचा एखादा विधी होता, यावर आज अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ऐन हिवाळ्यात उघड्यावर चैनीची मेजवानी झाली असेल हे मलाही पटत नाही. राजाचा अंत झाला आणि ग्यॉन ह्वॉनने दुसरा राजा गादीवर बसवला. चार वर्षांनी, ९३१ मध्ये, गोर्योचा संस्थापक वांग गॉन हा पन्नासेक घोडेस्वार घेऊन त्याच शहरात आला. सिल्लाच्या नव्या राजाने, ग्यॉंगसुनने, तलावाकाठच्या इम्हेजॉन या दालनात त्याला मेजवानी दिली. मद्य चढल्यावर ग्यॉंगसुन रडू लागला. आपल्या राज्यावर दैवाची अवकृपा झाली आहे आणि ग्यॉन ह्वॉनने देशाची दुर्दशा केली आहे, असे तो म्हणाला. भोवतालचे सारे रडले, वांग गॉनच्याही डोळ्यांत पाणी आले आणि त्याने राजाचे सांत्वन केले. तो परत गेला तेव्हा लोक म्हणू लागले की ग्यॉन ह्वॉन आला तेव्हा वाघ-लांडगे आल्यासारखे वाटले, आणि हा आला तेव्हा आईबाप भेटल्यासारखे वाटले. ९३५ मध्ये ग्यॉंगसुनने युद्धाशिवाय आपले राज्य वांग गॉनच्या स्वाधीन केले. ते अश्रू खरे होते की हिशेबाचे, हे विचारणे मला फारसे उपयोगाचे वाटत नाही. दोन राजांना एकमेकांसमोर रडता येईल अशी जागा दरबारात दुसरी नव्हती, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

त्याच तलावाच्या उत्खननात १९७५ मध्ये चौदा बाजूंचा एक लाकडी फासा सापडला. त्याच्या प्रत्येक बाजूवर मद्य पिणाऱ्यांसाठी एकेक हुकूम कोरलेला होता : तीन चषक एका दमात प्यावेत, चषक संपवून मोठ्याने हसावे, संगीताविना नाचावे, सगळ्यांनी मिळून नाकावर टिचक्या माराव्यात. मी हा फासा विद्यार्थ्यांना नेहमी दाखवतो. मोठ्या हुद्द्याच्या माणसालाही नाकावर टिचकी सोसायला लावणारा हा खेळ त्या मंडळींना का हवा होता, याचा विचार केला की पुढचे बरेच काही उलगडते. हुद्द्यांची उतरंड जेवढी कडक, तेवढी ती थोड्या वेळासाठी सैल करण्याची गरज मोठी. आणि ती सैल कोणाच्या परवानगीने होते, हा प्रश्न त्याहून मोठा.

वांग गॉनने, म्हणजे गोर्योच्या तेजोने (‘तेजो’ हे वंशसंस्थापक राजाला मिळणारे नाव), हा प्रश्न राज्याच्या पायाशीच सोडवला. ९४३ मध्ये मृत्यूपूर्वी त्याने वंशजांसाठी दहा आज्ञा मागे ठेवल्या. त्यांतली सहावी आज्ञा दोन मोठ्या उत्सवांविषयी आहे : बुद्धासाठीचा दीपोत्सव योनदुंगह्वे, आणि आकाशदेवता, पर्वत, महानद्या व नागदेवता यांच्यासाठीचा पालग्वानह्वे. पुढे कोणी कपटी मंत्री या उत्सवांत भर घालायला किंवा काटछाट करायला सुचवतील तर ऐकू नये, आणि राजा व अधिकारी यांनी हा आनंद एकत्र घ्यावा, असे तो सांगतो. पालग्वानह्वे या नावाचा अर्थ अष्टशीलांचा मेळावा. अष्टशीलांत मद्य वर्ज्य असते हे मराठी बौद्ध वाचकांना सांगायला नको. गोर्योत मात्र नाव तेवढे राहिले आणि विधीच्या मध्यभागी चषक आला. त्या चषकाचे काम धार्मिक कमी आणि राजकीय अधिक होते.

हा उत्सव राजधानी गेग्यॉंगमध्ये, म्हणजे आजच्या केसॉंगमध्ये, अकराव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेला होई आणि दोन दिवस चाले. पहिल्या दिवशी राजा संस्थापकाच्या प्रतिमेला वंदन करी आणि मग राजधानीतल्या अधिकाऱ्यांचे अभिनंदन स्वीकारी. युवराज, राजकुलातील सरदार आणि सर्वोच्च मंत्री यांची जागा वर, राजाजवळ. बाकीच्या अधिकाऱ्यांची खाली अंगणात, हुद्द्याच्या क्रमाने. राजा वरून चहा, मद्य, अन्न आणि टोपीत खोवायची फुले देई, आणि ती क्रमाने खाली पोहोचत. प्रांतोप्रांतीचे अधिकारी अभिनंदनपत्रे पाठवत, म्हणजे जे हजर नसत तेही कागदाने हजर होत. दुसऱ्या दिवशी चीनच्या सोंग साम्राज्याचे व्यापारी, उत्तरेकडील जुर्चेन टोळ्यांचे प्रतिनिधी आणि आजच्या जेजू बेटावरील तामना राज्याचे लोक आपापल्या मुलखातल्या वस्तू राजाला अर्पण करत, आणि त्यांना सोहळा पाहण्यासाठी आसने मिळत. १०३४ पासून ही कायमची रीत झाली. आता यातली खुबी पाहावी. बाहेर गोर्यो कधी सोंगकडून, कधी खितान लोकांच्या ल्याओकडून, पुढे जुर्चेनांच्या जिनकडून मान्यता घेत होता आणि त्यांच्या पंचांगाची वर्षे लिहीत होता. घरात मात्र वर्षातून एकदा तो स्वतःच जगाच्या मध्यभागी बसत होता आणि भोवती परदेशी लोक भेटी घेऊन उभे असत. ही मांडणी कोणत्याही लेखी घोषणेतून करता आली नसती, कारण घोषणा शेजारी सम्राटांच्या कानी गेली असती. आसनांच्या मांडणीवर मात्र कोणी हरकत घेऊ शकत नव्हते.

त्या पंगतीत मेलेल्यांनाही पान होते. ९२७ च्या त्याच हल्ल्याच्या वेळी वांग गॉन सिल्लाच्या मदतीला धावला होता आणि गोंगसानच्या लढाईत जवळपास मारला गेला होता. किम नाक आणि शिन सुंग-ग्यॉम या दोन सेनानींनी त्याच्यासाठी प्राण दिले. पुढे पालग्वानह्वेत सारे अधिकारी बसलेले असताना हे दोघे नाहीत याची त्याला खंत वाटली, तेव्हा त्याने त्यांचे गवताचे पुतळे करून, दरबारी पोशाख चढवून पंगतीत बसवले आणि त्यांच्यापुढे मद्य व अन्न ठेवले. आख्यायिका सांगते की मद्य आटून गेले आणि पुतळे जिवंत असल्यासारखे उठून नाचले. सुमारे दोन शतकांनी, ११२० मध्ये, राजा येजोंगने हे पुतळे उत्सवात पाहिले, त्यांची कथा ऐकली आणि त्या दोघांवर शोकगीत रचले. स्वामीसाठी मरणाऱ्याचे पान उचलले जात नाही, हे दरवर्षी सर्वांच्या डोळ्यांपुढे मांडले जात होते. आणि ते पाहणाऱ्यांत हाती शस्त्र असणारे पुष्कळ होते.

या उत्सवांना विरोधही झाला, आणि तो मन लावून वाचण्यासारखा आहे. ९८२ मध्ये चे सुंग-नो या कन्फ्यूशियन विचाराच्या मंत्र्याने राजा सॉंगजोंगला दिलेल्या निवेदनात म्हटले की या उत्सवांसाठी लोकांना सक्तीने राबवले जाते, आणि भारी खर्चाने बनवलेल्या बाहुल्या एकदा वापरून मोडून टाकल्या जातात. लोकांच्या घामाची ही काळजी मला खरी वाटते. ९८७ मध्ये पालग्वानह्वे बंद झाला. परंतु ९९३ मध्ये खितानांनी आक्रमण केले आणि दरबारात प्रदेश तोडून देण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा यी जी-बेक याने सांगितले की जमीन देण्यापेक्षा पूर्वजांचे योनदुंग आणि पालग्वान पुन्हा सुरू करा, परक्यांच्या रीती सोडा आणि देश राखा. मेजवानी हा संरक्षणाचा उपाय कसा, असे आज वाटेल. पण त्याचे म्हणणे असे की एकत्र बसण्याची सवय मोडलेले राज्य एकत्र लढणार नाही. १०१० मध्ये राजा ह्यॉनजोंगने दोन्ही उत्सव पुन्हा सुरू केले, त्याच वर्षी खितान दुसऱ्यांदा आले, राजधानी जळाली आणि राजा दक्षिणेला पळाला. परतीच्या वाटेवर, १०११ च्या दुसऱ्या महिन्यात, त्याने चॉंगजू येथील तात्पुरत्या मुक्कामात दीपोत्सव साजरा केला. राजधानी राखेत होती, तरी राजा पंगतीला बसला होता; राज्य अजून उभे आहे हे सांगण्याची एवढीच रीत त्याच्यापाशी उरली होती.

आता माप चुकल्याचे उदाहरण. माझ्या मते या विषयातले ते सर्वांत मोठे उदाहरण आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. राजा उइजोंग (राज्यकाळ ११४६ ते ११७०) याला बागा, सज्जे, कविता आणि मद्य यांची आवड होती. तो मुलकी अधिकाऱ्यांना घेऊन ठिकठिकाणी जाई, ते रात्री उशिरापर्यंत पीत आणि काव्य करत, आणि पहारा देणारे लष्करी अधिकारी व शिपाई बाहेर उपाशी, थंडीत उभे राहत. येथे खर्च किंवा विलास हा मुख्य दोष नव्हता. पंक्तिप्रपंच हा दोष होता. मुलकी आणि लष्करी हे राज्याचे दोन हात मानले जात, आणि पालग्वानह्वेच्या अंगणात दोघांनाही जागा होती. उइजोंगच्या खासगी बैठकींत मात्र एकाच हाताला जागा होती.

अपमान जुनेही होते. उइजोंगच्या वडिलांच्या काळात, ११४४ मध्ये, वर्षअखेरीच्या दरबारी सोहळ्यात किम दोन-जुंग या तरुण मुलकी अधिकाऱ्याने जॉंग जुंग-बू या सेनाधिकाऱ्याची दाढी मेणबत्तीने जाळली होती. जॉंगने त्याला चोप दिला, तर मुलाचा बाप, प्रख्यात इतिहासकार व मंत्री किम बू-सिक, याने जॉंगलाच शिक्षा मागितली. ११७० च्या आठव्या चांद्रमासाच्या शेवटी राजा बोह्यॉनवॉन या ठिकाणी निघाला होता. वाटेत मद्यपान झाले आणि राजाने सैनिकी अधिकाऱ्यांना हातघाईच्या कुस्तीचा खेळ करायला लावले. इतिवृत्त सांगते की लष्करी लोक नाराज आहेत हे राजाला कळले होते आणि खेळानंतर बक्षिसे देऊन त्यांना खूश करावे असा त्याचा विचार होता. म्हणजे राजाला माप आठवले होते, पण फार उशिरा. खेळात वयस्क सेनापती यी सो-उंग मागे पडला आणि बाजूला होऊ लागला, तेव्हा हान र्वे या मुलकी अधिकाऱ्याने पुढे होऊन त्याच्या थोबाडीत मारली. म्हातारा पायऱ्यांवरून खाली पडला. राजा आणि त्याचे सोबती टाळ्या पिटून हसले. जॉंग जुंग-बू ओरडला की सो-उंग शिपाईगडी असला तरी तिसऱ्या श्रेणीचा अधिकारी आहे, त्याची अशी विटंबना का करता? राजाने त्याचा हात धरून त्याला शांत केले. त्याच संध्याकाळी बोह्यॉनवॉन येथे कत्तल सुरू झाली आणि मुलकी टोपी घातलेला कोणीही सोडू नका अशी हाक राजधानीत फिरली. उइजोंग पदच्युत होऊन गोजे बेटावर गेला आणि ११७३ मध्ये मारला गेला. त्यानंतर शंभर वर्षे, १२७० पर्यंत, गोर्योत राजे नावाला होते आणि सत्ता सेनानींची होती.

जॉंगच्या तोंडचा ‘तिसरी श्रेणी’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. तो म्हाताऱ्याच्या वयाबद्दल किंवा पराक्रमाबद्दल बोलत नाही, तर त्याच्या आसनाबद्दल बोलतो. राजाने ज्याला एक पायरी दिली आहे त्याला राजासमोर पायरीवरून पाडले गेले, आणि पायरी देणाराच हसला. एक सावधगिरीची सूचना येथे दिली पाहिजे : गोर्योचा अधिकृत इतिहास पुढच्या राजवटीत, १४५१ मध्ये, कन्फ्यूशियन विद्वानांनी पूर्ण केला, आणि मेजवान्यांत बुडालेला राजा राज्य गमावतो ही मांडणी त्यांना सोयीची होती. त्यामुळे उइजोंगच्या ऐषआरामाची वर्णने थोडी कमी करून वाचावीत. पायरीवरून पडलेल्या सेनापतीची हकीकत मात्र पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासाशी इतकी जुळते की ती बाजूला ठेवता येत नाही.

१३९२ मध्ये यी सॉंग-ग्ये याने जोसॉन राजवट स्थापली (वंशसंस्थापक म्हणून त्यालाही तेजो हेच नाव आहे) आणि त्याच्या मंत्र्यांनी पालग्वानह्वे लगेच बंद करवला. याचा अर्थ मेजवान्या संपल्या असा नाही. त्या देवतांच्या उत्सवांतून काढून लेखी नियमांत आणल्या गेल्या. या कामाचा मुख्य शिल्पकार जॉंग दो-जॉन. १३९३ मध्ये त्याने दरबारी मेजवानीत गाण्या-नाचण्यासाठी रचना केल्या, ज्यांपैकी एकीत देवदूत स्वप्नात येऊन तेजोला सोन्याची मोजपट्टी देतो. लष्करी बळावर गादी घेतलेल्या माणसाला आकाशाने राज्य मोजून दिले आहे, हे जेवताना, चषकाबरोबर, पुन्हापुन्हा ऐकवले जाणार होते. १३९५ मध्ये सोल येथे नवा राजवाडा झाल्यावर त्यानेच त्याचे नाव ठेवले : ग्यॉंगबोकगुंग. हे नाव प्राचीन चिनी काव्यसंग्रहातल्या एका मेजवानीगीतातून घेतले आहे. मद्याने तृप्त झालो, सद्गुणाने तृप्त झालो, सज्जनाला दहा हजार वर्षे महामंगल लाभो, असा त्या ओळींचा आशय आहे, आणि ‘ग्यॉंगबोक’ म्हणजे ते महामंगल. आज सोलला जाणारे पर्यटक त्या वाड्याच्या दारात छायाचित्रे काढतात. त्या वाड्याच्या नावात जेवून उठलेल्या मंत्र्यांचा आशीर्वाद आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मद्याबरोबर सद्गुणाचा उल्लेख आहे, ही त्यातली अट. राजा नुसते पाजणार असेल तर आशीर्वाद लागू होत नाही.

१४१२ मध्ये, तेजोचा मुलगा तेजोंग याच्या राज्यात, त्याच वाड्यात तळ्यामध्ये ग्यॉंगह्वेरू हा मोठा मंडप उभा राहिला. तेथे परदेशी दूतांचे आणि मंत्र्यांचे आदरातिथ्य होई. त्या नावाचा अर्थ हा-र्युन नावाच्या मंत्र्याने लिहिलेल्या लेखात समजावला आहे : राजाला योग्य माणसे मिळाली आणि ती सद्गुणाने एकत्र आली, तरच त्या भेटीला ‘ग्यॉंगह्वे’, आनंदाची भेट, म्हणता येते. राजाच्या खर्चाने बांधलेल्या राजाच्या मंडपावर मंत्र्याने राजालाच अट घातली, आणि राजाने ती मान्य केली. १५९२ च्या जपानी आक्रमणाच्या वेळी हा मंडप जळाला आणि १८६७ मध्ये पुन्हा बांधला गेला. आज दिसतो तो हा दुसरा, अठ्ठेचाळीस दगडी खांबांचा.

सेजोंगच्या काळात (१४१८ ते १४५०) हे शास्त्र सर्वांत बारकाईने घडले. चषकांची संख्या ठरली. मोठ्या समारंभात नऊ चषक, आणि प्रत्येक चषकाला स्वतंत्र संगीत, नृत्य आणि खाद्यपदार्थ. १४३३ च्या नववर्षदिनी गुन्जॉंगजॉन सिंहासनगृहातल्या मेजवानीत नव्याने शोधून सिद्ध केलेले अभिजात संगीत पहिल्यांदा वाजले. राजघराण्याच्या सहा पूर्वजांची स्तुती करणारे दीर्घकाव्य, नव्या कोरियन लिपीत लिहिलेली पहिली साहित्यकृती, १४४७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच्या काही भागांना चाल लावून ते दरबारी मेजवान्यांत वाजू लागले. त्या चालीचे नाव ‘यॉमिनराक’, म्हणजे लोकांसह आनंद. संगीताच्या तपशिलात मी येथे जात नाही, तो स्वतंत्र विषय आहे.

सेजोंगची माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे यांगनोयॉन, ऐंशी वर्षांवरील वृद्धांची मेजवानी. १४३२ मध्ये सचिवालयाने सुचवले की खालच्या जन्माच्या, म्हणजे गुलामवर्गातल्या, वृद्धांना यात बसवू नये. सेजोंगने उत्तर दिले की ही मेजवानी वयाच्या मानासाठी आहे, दर्जा मोजण्यासाठी नाही. गुन्ह्यासाठी अंगावर डाग दिलेले सोडून, कितीही खालच्या दर्जाचे असोत, सर्वांना येऊ द्यावे. वृद्ध स्त्रियांसाठी राणीने वेगळी मेजवानी दिली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक अधिकाऱ्यांनी आपापल्या वृद्धांना जेवू घातले. यात करुणा होती, यात मला शंका नाही. पण राजकारणही होते. जन्माने ठरलेल्या श्रेणींवर सरदारांचा हक्क होता. वय हे एकच माप असे होते की त्यावर कोणत्याही घराण्याचा हक्क नव्हता, आणि ते माप लावणारा एकटा राजा होता. गुलाम म्हातारा राजाच्या हातचे अन्न खाऊन गावी परतला की त्या गावच्या जमीनदाराला काही गोष्टी न सांगता कळत असतील.

परदेशी दूतांच्या मेजवान्या हा मोठा विभाग आहे, मी त्याला थोडक्यात स्पर्श करतो. चीनच्या मिंग सम्राटाचा दूत आला की त्याच्यासाठी घोड्यावरून उतरल्याची मेजवानी, दुसऱ्या दिवसाची मेजवानी, निरोपाची मेजवानी असा क्रम असे, आणि एरवी दक्षिणेकडे तोंड करून बसणारा राजा येथे पाहुण्याच्या समोर बसे. १४५० मध्ये नी च्यान हा विद्वान दूत आला तेव्हा जॉंग इन-जी, शिन सुक-जू आणि सॉंग साम-मुन यांनी त्याच्याशी कवितांची देवाणघेवाण केली आणि त्या कवितांचा संग्रह छापण्याची प्रथा तेथून सुरू झाली. छोट्या राज्याने विद्वत्तेत बरोबरी सिद्ध करण्याची ती रीत होती. जपानी आणि जुर्चेन पाहुण्यांसाठी हिशेब उलटा होता. शिन सुक-जूनेच १४७१ मध्ये लिहिलेल्या जपानविषयक ग्रंथात कोणत्या दर्जाच्या जपानी दूताला बंदरात किती, वाटेत किती आणि राजधानीत किती मेजवान्या द्यायच्या याचे नियम दिले आहेत. किनाऱ्यावरची चाचेगिरी आटोक्यात ठेवण्यासाठी जे उपाय होते त्यांत व्यापाराइतकेच हे ताटही होते.

मेजवानीत राजाच्या अगदी जवळ जाता येते, हे त्याच्या शत्रूंनाही ठाऊक होते. सेजोंगचा मुलगा सेजो याने पुतण्या दानजोंगकडून १४५५ मध्ये गादी घेतली. १४५६ च्या सहाव्या महिन्यात चांगदॉकगुंग राजवाड्यात मिंग दूतासाठी मेजवानी ठरली, आणि तीत राजामागे तलवार घेऊन उभे राहण्याचा मान सॉंग साम-मुनचे वडील सॉंग सुंग आणि यू उंग-बू यांना मिळाला. त्याच तलवारींनी सेजोला मारून दानजोंगला परत बसवायचे असा कट होता. पण सेजोचा सल्लागार हान म्यॉंग-ह्वे याने दालन अरुंद आहे असे कारण देऊन त्या दिवशी तलवारधारी रद्द केले. कट पुढे ढकलला गेला, किम जिल या साथीदाराने तो फोडला, आणि ज्या माणसाने सहा वर्षांपूर्वी दूतासमोर कविता लिहिल्या होत्या त्या सॉंग साम-मुनला हाल करून मारण्यात आले. मेजवानीतला एक मान काढून घेतल्याने राजा वाचला.

सेजोने स्वतःही मेजवानीला शस्त्र केले. तो मंत्र्यांना वारंवार पाजी, नाचायला उठवी, मोकळे बोलायला सांगे. ज्यांच्या मदतीने गादी मिळवली त्यांना ‘आपण अजून सोबतीच आहोत’ असे वाटत राहावे, यासाठी हे होते. मोकळेपणाची सीमा मात्र तोच जाणे. जॉंग इन-जी एकदा नशेत राजाला एकेरीत बोलला. दरबाऱ्यांनी देहदंड मागितला, सेजोने तो दिला नाही. १४६६ मध्ये यांग जॉंग हा उत्तर सीमेवर वर्षानुवर्षे राहिलेला सेनानी परत आला. १४५३ च्या रक्तरंजित उठावापासून तो सेजोचा माणूस होता. मेजवानीत तो राजाला म्हणाला की आपण बराच काळ राज्य केले, आता विश्रांती घ्यावी. सेजोने तत्काळ राजमुद्रा आणवली आणि ती युवराजाला द्यायची आज्ञा केली. मंत्री रडू लागले, मुद्रा स्वीकारायला कोणी तयार होईना. काही दिवसांतच यांग जॉंगचा शिरच्छेद झाला. एकाचे एकेरी बोलणे माफ आणि दुसऱ्याचे हिताचे वाटणारे वाक्य प्राणघातक, याचे कारण मला असे दिसते की पहिल्याने राजाशी जवळीक दाखवली होती आणि दुसऱ्याने गादीची मुदत काढली होती. हे सारे आपल्याला कळते कारण इतिहासलेखक अधिकारी मेजवानीतही हजर असत आणि नशेतले शब्दही टिपून ठेवत.

खर्चाविषयीही विचारले जाते. दुष्काळात राजा आपल्या ताटातले पदार्थ कमी करी, संगीत बंद ठेवी, मेजवान्या रद्द करी. हे दैवी कोप शांत करण्यासाठी होते आणि त्याचबरोबर कर भरणाऱ्यांना दाखवण्यासाठी. म्हणून रद्द झालेल्या मेजवानीची नोंदसुद्धा मी राजकीय नोंद म्हणूनच वाचतो.

शेवटचे उदाहरण पुन्हा यांगनोयॉनचेच आहे. १५०३ मध्ये, यॉनसानगुनच्या राज्यात, वृद्धांच्या मेजवानीत विधी-मंत्री यी से-जवा याच्या हातून राजाने दिलेला चषक सांडला आणि राजाचा पोशाख भिजला. राजाचा अनादर केला या आरोपाखाली त्याला हद्दपार केले गेले, मग माफी मिळाली. पण हाच अधिकारी १४८२ मध्ये यॉनसानगुनच्या आईकडे, पदच्युत राणी युनकडे, मृत्युदंडाचे विष घेऊन गेला होता. १५०४ मध्ये आईच्या मृत्यूचा सूड घेणारी कत्तल सुरू झाली तेव्हा तो पुन्हा हद्दपार झाला आणि त्याला आत्महत्येचा हुकूम मिळाला. सेजोंगने वयाच्या मानासाठी मांडलेल्या पंगतीत सत्तर वर्षांनी एक सांडलेला चषक राजद्रोहाच्या वजनाने तोलला गेला. त्या कत्तलीनंतर दोन वर्षांनी, १५०६ मध्ये, मंत्र्यांनी आणि सेनानींनी मिळून यॉनसानगुनला गादीवरून उतरवले.